राहून गेलेला धवला

वेळापत्रकात गुरुवारी दुपारी दोन ते चार ‘एम्पथी’ असं छापून आलं, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग राग आला. पनवेलजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी फिजिऑलॉजी शिकवते. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, यातलं काहीही तासात बसवता येतं. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दुखणं हे दोन ते चारमध्ये कसं बसवायचं, हे मीटिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. तोंड आवरायला मी पन्नाशी उलटली तरी शिकलेली नाही.

पहिलं वर्ष स्लाइड दाखवण्यात गेलं. एक विद्यार्थी रुग्ण व्हायचा, दुसरा डॉक्टर, आणि तिसरा डॉक्टरने किती वेळा मान हलवली ते टिपून ठेवायचा. मुलं हुशार, मान हलवायला दोन तासांत शिकली. वॉर्डात गेली की मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून फाइलशी बोलायची. शेवटी मी ते सगळं गुंडाळलं आणि माझ्या डोक्याने नवा तास काढला. गुरुवारी ॲप्रन काढायचा, स्टेथोस्कोप आणि फोन माझ्या टेबलावर ठेवायचा, एका रुग्णाजवळ बसायचं आणि त्याच्यासोबत काहीतरी करायचं. चित्र काढा, गोष्ट रचा, गाणं म्हणा, गोधडीला टाके घाला. आजाराबद्दल विचारायचं नाही. जे तयार होईल ते रुग्णाकडेच ठेवून यायचं. त्याला मार्क नाहीत.

मार्क नाहीत म्हटल्यावर निम्म्यांचे चेहरे पडले. पहिल्या महिन्यात मुलांनी इतके उगवते सूर्य काढले, की पुरुषांच्या वॉर्डातल्या एका पळस्प्याच्या गॅरेजवाल्याने मला विचारलं, “मॅडम, यांच्या कोणाच्याच घरी संध्याकाळ होत नाही का?” मला तो माणूस फार आवडला. त्याच्याजवळ बसणाऱ्या मुलाला मी सांगितलं, सूर्य बंद, आता यांनाच विचार काय काढायचं ते. त्या दोघांनी मिळून इंजिन काढलं. चार गुरुवार पुरलं ते इंजिन.

त्याच सुमाराला कान-नाक-घसा विभागात एक म्हातारी दाखल झाली. उरणकडच्या एका मिठागराच्या गावातली, आमच्याच आगरी समाजातली. घशाचा कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, म्हणजे जीव वाचला तरी आवाज कायमचा जाणार होता. तिच्याजवळ बसायला नागपूरकडची एक शांत मुलगी दिली होती. पहिल्याच गुरुवारी ती मुलगी परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने.

“मॅडम, आजी धवलारीण आहेत! म्हणजे काय, तुम्हाला माहितीये?”

मला माहीत होतं. आमच्याकडे लग्न लावते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं, त्याला धवला म्हणतात. तो लिहिलेला कुठे नसतो. भटजी असला तरी आमच्या आयाबायांच्या लेखी धवला झाला की लग्न झालं. हे सगळं मी त्या मुलीला सांगू शकले असते. मी फक्त “हो, ऐकलंय” म्हणाले.

अशी मी. जन्म ओवे गावातला. आता त्या गावाला चारी बाजूंनी खारघरने घेरलंय. वडिलांनी शाळेला पनवेलला घातलं. तिथे पहिल्याच आठवड्यात मी ‘आमी नाय जेवलो’ म्हणाले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मी जिभेला वळण लावायला घेतलं. दहावीपर्यंत बोलण्यात गाव औषधालाही उरला नाही. आई फोनवर विचारायची, “जेवलीस का नाय?” आणि मी उत्तर द्यायचे, “हो आई, जेवले.” तिने ते कधी मनावर घेतलं नाही, असं मी समजून चालले होते. पाच वर्षांपूर्वी ती गेली, आणि मग माझ्याशी त्या बोलीत बोलणारं कोणी राहिलं नाही. भाऊ रोडपालीच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि दिवसभर बिल्डरांशी हिंदी बोलतो. मला कधीकधी आईच्या बोलण्याची इतकी आठवण येते, की मी मासळी बाजारात जाऊन उगाच कोलंबी निवडत उभी राहते. बायका आपापसांत भांडत असतात, मी ऐकत असते.

म्हातारीने धवला म्हणायला नकार दिला होता. मुलीने दोनदा विचारलं. म्हातारी म्हणाली, “मांडव नाय, नवरी नाय. कोनासाठी म्हनू? धवला असा रिकामा म्हनत नाय.” मुलगी हिरमुसली. ऑपरेशनला तीन आठवडे होते. आजींचा आवाज बसलेला होता, पण होता. तो जाण्याआधी त्यांनी एकदा गावं, असं तिला मनापासून वाटत होतं. मलाही वाटत होतं. माझं वाटणं मात्र तिच्याइतकं स्वच्छ नव्हतं.

माझं लग्न पनवेलच्या एका हॉलमध्ये झालं. नवरा पुण्याचा, सासरचे लोक फार शिकलेले आणि फार हळू बोलणारे. आईचं एकच मागणं होतं, हळदीला धवला व्हावा. तिने आमच्या गल्लीतल्या धवलारणीला सांगूनही ठेवलं होतं. मी म्हणाले, “आई, ते लोक काय म्हणतील? नको ते सगळं.” आई एका शब्दानेही भांडली नाही. उठली, चपला घातल्या आणि त्या बाईला येऊ नको म्हणून सांगायला स्वतः गेली. मी खिडकीतून पाहत होते. भर उन्हात ती त्या दारात बराच वेळ उभी होती. काय बोलली असेल, कोणत्या शब्दांत माझी बाजू सावरली असेल, मी कधीच विचारलं नाही.

तर, दुसऱ्या गुरुवारी मुलांनी शक्कल काढली. मांडव नाही म्हणून अडलंय ना, मग मांडव घालू. त्यांनी सलाइनच्या दोन स्टँडना क्रेप कागद आणि आंब्याची पानं बांधली. एका मुलीला लाल ओढणी दिली, एका मुलाच्या कपाळाला कागदी मुंडावळ्या बांधल्या. सिस्टर लोकही हौशीने जमल्या. मी दाराशी उभी होते.

मी त्यांना थांबवायला हवं होतं. लहानपणी आम्ही ओव्यात बाहुला-बाहुलीची लग्नं लावायचो. वाटेल ती गाणी म्हणायची मुभा होती, फक्त धवला नाही. एकदा ऐकलेली ओळ मी बाहुलीपुढे म्हटली तेव्हा आईने पाठीत धपाटा घातला होता. धवल्याने देव येतात, ते खेळात बोलवायचे नसतात. त्या वॉर्डात हे माहीत असलेली दोनच माणसं होती, एक पलंगावरची म्हातारी आणि दुसरी मी. तरी मी गप्प राहिले. कारण मला वाटलं, कोण जाणे, म्हणेलही. मुलांच्या आडून मला तो ऐकायचा होता.

म्हातारी मांडवाकडे बघत राहिली. मग तिने ओढणीवाल्या मुलीला जवळ बोलावलं.

“यो तुझा कोन?”

“क्लासमेट आहे, आजी,” मुलगी हसत म्हणाली.

“मग ऊठ तिथशी. मी तोंड उघडलं तं लगीन लागलं समज. उद्या काय करशील?” तिचा आवाज खरखरत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “माझी गंमत करता काय गो पोरींनो? मी काय तमाशाला बसलीय?”

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पोरं कावरीबावरी झाली. नागपूरची मुलगी रडायला लागली. मी त्यांना बाहेर नेलं आणि फार समजूतदारपणे बोलले, की चूक हेतूत नसते, समोरच्याला काय पवित्र वाटतं ते आधी विचारावं, वगैरे. माझंच बोलणं ऐकून मला माझी लाज वाटली. मला आधीपासून माहीत होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर ती मुलगी गुरुवारची वाट न पाहता रोज जायला लागली. म्हातारीने तिच्याशी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मुलीने गाण्याचं नावही न काढता विचारलं, “आजी, तुम्ही लग्नं कुठल्या कुठल्या गावात लावली?” म्हातारीने भिंतीकडून तोंड वळवलं. मग त्या दोघींचं सुरू झालं. मुलीने कॅलेंडरचे पाठकोरे कागद एकमेकांना चिकटवून मोठा नकाशा केला. इकडच्या वाटा तिला काही माहीत नव्हत्या, त्यामुळे म्हातारी सांगेल तशी ती खाडी काढायची, बांध काढायची, मिठागरं काढायची. ज्या गावात लग्न लावलं तिथे हळदीच्या रंगाचा एक ठिपका. त्यातली काही गावं आता विमानतळाखाली गेलीत, काही नुसत्या सेक्टरच्या नंबरांनी ओळखली जातात. म्हातारीच्या नकाशात ती जागच्या जागी होती. नवऱ्या कोणत्या घरच्या, जेवायला काय होतं, कोणाचा बाप दारू पिऊन मांडवातच झोपला, सगळं तिला आठवत होतं. बोलून बोलून घसा दुखला की ती बोटाने ठिपका कुठे ते दाखवायची.

पुढच्या गुरुवारी मुलीने मला तो नकाशा बघायला बोलावलं. उगाच ताणून काढलेल्या एका टेकडीच्या पायथ्याशी लिहिलं होतं, ओवे. पुढे चार ठिपके.

मुलं गेल्यावर मी एकटी वॉर्डात परत आले आणि म्हातारीच्या पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. तोंड उघडलं तर शब्द सुचेनात. तीस-पस्तीस वर्षं न वापरलेली बोली, जीभ अडखळायला लागली. कशीबशी म्हणाले, “आये, मी ओव्याची हाय.”

ती चटकन उठून बसली. “कोनाची?”

मी वडिलांचं नाव सांगितलं, देवळामागची गल्ली सांगितली. तिला घर आठवत नव्हतं, गल्ली आठवत होती. मग कुठल्याही धवलारणीने विचारला असता तोच प्रश्न तिने विचारला. “तुझं लगीन कोनी लावलं?”

“भटजींनी. हॉलमध्ये.”

“आन् धवला?”

“नाय झाला.”

“कनाला?”

“मीच नको बोलले.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती फक्त म्हणाली, “आयस रडली असंल.”

“माझ्यासमोर नाय रडली.”

त्या मांडवाचंही मग मी कबूल केलं. मला ठाऊक होतं, तरी पोरांना अडवलं नाही, ते सांगितलं. ती पांघरुणाचा कोपरा बोटांनी दुमडत होती. आणि मग अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, “ते खोटं लगीन होतं. तुझं तं खरं हाय, नुसतं अर्धं र्‍हायलंय. नवरा हाय ना? त्याला घेऊन ये. मंगळवारी कापनार हायत माझा गला. हाय तेवढ्या आवाजात लावून देते. उद्याच ये.”

उद्या शुक्रवार होता. नवरा घरीच होता, खारघरला, वीस मिनिटांवर. तो नाही म्हणाला नसता. पण मी म्हणाले, “रविवारी येते, आये. सगळं नीट करते.”

मला नीट हवं होतं. ज्या गोष्टीला मी एकदा नको म्हटलं होतं, ती आता मला साग्रसंगीत हवी होती. आईची पिवळी साडी भावाकडे रोडपालीला होती, ती आणायची होती. नारळ, हळद, विड्याची पानं. माझी मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे, तिला शनिवारचं विमान पकडायला सांगितलं. नागपूरच्या मुलीलाही रविवारचं सगळं सांगून ठेवलं. दोन दिवस मी हवेत होते. नवरा म्हणाला, “मी पुन्हा घोड्यावर बसायचं का?” आणि मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई असती तर, हा एकच विचार दिवसभर डोक्यात होता. तिला सांगावंसं वाटत होतं, की बघ, होतंय तुझ्या मनासारखं. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मी साडी इस्त्रीला टाकताना साडीलाच सांगितलं.

शनिवारी सकाळी त्या नागपूरच्या मुलीचा फोन आला.

“मॅडम, आजींना पहाटेपासून श्वास घेता येईना. गाठीने वाट बंद केली होती. गळ्याला छिद्र पाडून नळी घातलीये. आता बऱ्या आहेत, पण…”

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मी फिजिऑलॉजी शिकवते. श्वास गळ्यातल्या नळीतून गेला की तो स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. मंगळवारी ठरल्याप्रमाणे स्वरयंत्र काढलं. ऑपरेशन चांगलं झालं.

मी वॉर्डात गेले नाही. दोन गुरुवार मुलांना पाठवलं आणि मी टेबलापाशी त्यांचे फोन सांभाळत बसले. परीक्षेचं काम आहे म्हणून सांगितलं. तिने ‘उद्या ये’ म्हटलं होतं. तिला तिच्या घशाचा अंदाज होता आणि मला साडीची पडली होती. आता कुठल्या तोंडाने जायचं? दुसऱ्यांच्या मुलांना दुखणाऱ्या माणसाजवळ बसायला शिकवणारी बाई स्वतः त्या वॉर्डाच्या जिन्याकडे बघायचं टाळत होती. माझी मुलगी विमानाने आली तशी परत गेली. पिवळी साडी खुर्चीवर पडून होती. ती कपाटात ठेवायचाही मला धीर होईना.

तिसऱ्या गुरुवारी नागपूरची मुलगी चार वाजता आली. फोन उचलला नाही, समोर उभी राहिली.

“मॅडम, आजींनी नकाशा मागितला. ओव्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावला, मग दाराकडे बोट केलं. तीनदा केलं. तुम्हाला सरांना घेऊन बोलावलंय त्यांनी.” थोडं थांबून तिने विचारलं, “तुम्ही घाबरताय का, मॅडम?”

कोणत्याच विद्यार्थ्याने मला असं विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. ती म्हणाली, “मी पण येते.”

रविवारी दुपारी आम्ही गेलो. साडी नेसले होते. जिन्यात नवऱ्याने माझा पदर सारखा केला. म्हातारी उशीला टेकून बसली होती. मानेवर पट्टी, मध्ये ते छिद्र, नाकात जेवणाची नळी. तिची सून शेजारी होती. मला पाहून म्हातारीने साडीचा काठ हातात घेऊन नीट बघितला. मी वाकून नमस्कार केला आणि रडायला लागले. आये, चुकलं माझं, एवढंच म्हणता आलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आम्हा दोघांना समोरच्या स्टुलांवर बसायची खूण केली. सुनेने घरून कागदाच्या पुडीत हळद आणली होती. म्हातारीने बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं, नवऱ्याच्या लावलं. मग डोळे मिटले आणि तिचे ओठ हलू लागले.

आवाज नव्हता. मानेतल्या छिद्रातून श्वासाची सूं सूं तेवढी येत होती, तीही तालात. एक हात मांडीवर हलके पडत होता. ती धवला म्हणत होती, पहिल्यापासून, एकही विधी न गाळता, असं सुनेने मागून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. वीस मिनिटं तरी झाली असतील. मी तिच्या ओठांवर डोळे लावून बसले होते. ज्या बायका तो ऐकत मोठ्या झाल्या, त्यांना ओठांवरून ओळ न ओळ वाचता आली असती. आईला आली असती. मला त्यातला एकही शब्द ओळखता येत नव्हता. मी तो कधी नीट ऐकलेलाच नव्हता. नवऱ्याच्या घरात यातलं काहीच नव्हतं, तरी तो ताठ बसून होता, खऱ्या मांडवात बसतात तसा.

एका जागी तिचे ओठ थांबले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर करून वाट बघत राहिली. मला कळेना. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याला काय कळणार?

सून हळूच म्हणाली, “हितं नवरीच्या आयचं नाव येतं. मेलेल्या मानसांना पन मांडवात बोलवतात. ते तुमालाच घ्यावं लागंल. आत्याला बोलता येत नाय.”

आईचं नाव मी आयुष्यात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलं होतं, मृत्यूच्या दाखल्यावर तपासून पाहिलं होतं. पहिल्यांदा नुसता श्वास आला. मग मी आईचं नाव घेतलं, पलीकडच्या पलंगावरची बाई वळून बघेल एवढ्या आवाजात. म्हातारी पुढे गेली नाही. तिने कानामागे हात नेला आणि दाराकडे बोट दाखवलं. एवढ्याने यायची नाही ती, अजून जोरात.

मी दाराकडे वळले आणि आईला हाक मारली, “आये, ये गो.”